उजव्या हाताचं लाल बटण

"हात पोचतो का, ते आधी बघा," असं म्हणून ताई खुर्चीतून उठायच्या, कॉम्प्युटरकडे पाठ करायच्या आणि चक्क हवेत काम करायला लागायच्या. डावा हात बाजूला, जणू खोक्यातून स्क्रू उचलतायत. मग दोन्ही हात समोर. मग उजवा हात झटकन बाजूला, बटण दाबायला. तळवड्याच्या आमच्या ऑफिसात नवीन आलेला माणूस हे बघून दारातच थबकायचा. पहिल्या दिवशी मीही चक्रावलोच होतो. म्हटलं, साहेबांनी ही कुठली बाई आणून बसवली राव!

आमचं ऑफिस आठ माणसांचं. चाकणच्या बाजूला नवा कारखाना उभा राहायचा असला की आत कुठे काय बसेल, त्याचा नकाशा आम्ही करून द्यायचो. मी तिथला सगळ्यात जुना. शंभर टेबलं मांडायची म्हणजे मला पुरता एक दिवस लागायचा. कॉपी, पेस्ट, सरकव. पुन्हा कॉपी, पेस्ट, सरकव. आणि त्यावर माझा भारी रुबाब होता.

तो ताईंनी आठवड्यात उतरवला. त्यांच्या पडद्यावर लहान लहान डबे असायचे आणि एका डब्यातून दुसऱ्यात तारा गेलेल्या. एका डब्यात टेबल, दुसऱ्यात किती हवीत तो आकडा, तिसऱ्यात दोन टेबलांमधलं अंतर. तारा जोडल्या की उन्हात पापड घातल्यासारखी टेबलं ओळीने हजर! कोड म्हणून एक अक्षर टाइप करायचं नाही, नुसत्या तारा ओढायच्या. याला त्या स्क्रिप्ट म्हणायच्या. मी आ वासून बघत राहिलो. आणि खरं सांगतो, जळलोसुद्धा.

गंमत अशी की सगळी टेबलं अर्ध्या मिनिटात मांडणारी ही बाई पहिल्या टेबलाला मात्र अर्धा दिवस लावायची. तेच ते हवेतलं काम.

"ताई, अहो एका टेबलाला किती वेळ?"

"दादा, ह्याची बासष्ट होणार आहेत. ह्यात खोट राहिली तर ती बासष्टजणींच्या पदरात पडणार."

नकाशात टेबलापाशी उभं करायला सॉफ्टवेअर एक तयार माणूस देतं. सहा फुटी, रुंद खांद्यांचा, कुठला तरी परदेशी गडी. ताईंनी त्याला काढून टाकलं आणि चार फूट दहा इंचांची, किंचित वाकलेली बाई तयार केली. आम्ही सगळे फिदीफिदी हसलो. "ही कोण?" विचारलं तर म्हणाल्या, "आमची आई. चाकणला ठेकेदाराकडे वायरी जोडते. तुमचा तो पैलवान कधी बेल्टवर उभा राहिलेला बघितलाय का कुणी?" तेव्हापासून आमच्या प्रत्येक कारखान्यात त्यांच्या आईच्या पन्नास-साठ प्रती उभ्या असायच्या. काकूंना, म्हणजे त्या आईला, एकदा त्यांनी ते दाखवलंसुद्धा. काकू म्हणे एवढंच म्हणाल्या, "एवढ्यांना जेवायची सुट्टी किती वाजता?"

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. कामाला चोख, आणि त्या चोखपणाचा आपल्याला जाच होतो असं. मला होत होता.

कुरुळीच्या पुढे एका नव्या कारखान्याचं काम आलं. मधून माल पुढे सरकवणारा बेल्ट, दोन्ही बाजूंना एकतीस-एकतीस टेबलं. प्रत्येक बाईच्या डाव्या हाताला सुट्या भागांचं खोकं आणि उजव्या हाताला बेल्ट थांबवायचं लाल बटण. एक रांग मांडली की समोरची रांग करायला तीच गोल फिरवायची, हा ताईंचा नियम. फिरवली की पलीकडच्या बायकांनाही बटण उजवीकडेच येतं. दुसरा एक सोपा रस्ता असतो, आरशासारखी उलटवायची. पण आरशात आपला उजवा हात डावा होतो, तसं मग बटणही डावीकडे जातं. वरून नकाशा बघणाऱ्याला दोन्ही रांगा सारख्याच देखण्या दिसतात.

भीमजयंतीला ताईंनी दोन दिवस सुट्टी घेतली होती. नेमका त्याच दिवशी कारखान्याचा तगादा सुरू झाला. फाईल उघडली तर पलीकडच्या रांगेतले खोक्यांचे रॅक खांबांना अडत होते, पडद्यावर लाल खुणाच खुणा. ताईंना एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण वीस वर्षं या धंद्यात काढलेला मी, तिला विचारू? मी 'फिरवा'च्या डब्यातली तार उपसली आणि 'आरसा'च्या डब्यात खुपसली. खुणा गायब! फाईल पाठवून दिली. परत आल्यावर ताईंनी विचारलं, "काही बदललं का हो?" मी म्हणालो, "नाही. जशी होती तशी गेली."

किती सहज बोललो! आज आठवलं की अंगावर काटा येतो.

चार महिन्यांनी लाईन उभी राहिली. कामगार यायच्या आदल्या दिवशी बेल्ट चालवून बघायचा होता. ताई हट्टाने आल्या. "आपण मांडलंय, तर आधी आपण उभं राहायचं," हा त्यांचा दुसरा नियम. बायकांना मिळणारा ॲप्रन मागून घेऊन घातला. तो पुरुषी मापाचा, बाह्या बोटांवर लोंबत होत्या. "हे बघा दादा, आता ॲप्रनचंही आपणच बघायला हवं," असं माझ्याकडे बघून हसत त्या पलीकडच्या रांगेतल्या एका टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि न बघताच, सवयीने, डावा हात खोक्याकडे नेला.

तिथे खोकं नव्हतं. तिथे बेल्टचा रोलर होता, एरवी खोक्याच्या रॅकमागे झाकलेला, आता उघडा.

बाही आत गेली. मग हात. ताई ओरडल्या नाहीत. त्यांचा उजवा हात बटणाकडे गेला. तिथे खोक्यांचा रॅक होता. त्या रॅकवर त्यांनी एकदा, दोनदा, तीनदा हात आपटला, आणि बटण होतं डावीकडे, अडकलेल्या हाताच्याही पलीकडे. मी दहा फुटांवर उभा. मला एका क्षणात सगळं कळलं, आणि माझे पाय जागचे हलेनात. कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडला.

डाव्या हाताची दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो, नारळपाणी घेऊन. ताईंनी निरोप दिला होता म्हणून लॅपटॉपही नेला. म्हणाल्या, "त्या रांगेतल्या उरलेल्या तीस टेबलांवर बायका उभ्या राहतील. फाईल उघडा." उजव्या हाताने त्यांनी ती तार शोधली. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग तार उपसून जागच्या जागी लावली, खांबापाशीचे रॅक वीतभर सरकवले आणि म्हणाल्या, "झालं. पाठवा." मी सुटकेचा श्वास सोडला. काय माणूस होतो मी!

कारखान्यात टेबलं बदलली गेली. पण कुणाचं तरी नाव हवं होतं. साहेबांनी आम्हा सगळ्यांना खोलीत बसवलं. विचारलं, "हे कुणाच्या हातून झालं?" ताईंचा हात गळ्यात बांधलेला. म्हणाल्या, "स्क्रिप्ट माझी आहे." एवढंच म्हणाल्या. मी टेबलावरचा एक जुना ओरखडा नखाने खरवडत होतो.

महिन्याच्या आत त्यांना राजीनामा द्यायला लावला. आमचा धंदा लहान, बातमी आधीच सगळीकडे पोचली होती. 'हिच्याच स्क्रिप्टमुळे हिचाच हात गेला' असं लोक हसून सांगायचे. दोन ठिकाणी त्या मुलाखतीला जाऊन आल्या, तिसऱ्याने बोलावलंच नाही. त्यांची खुर्ची मला मिळाली. पगारही वाढला. मी त्यांच्याच स्क्रिप्टा वापरत होतो, आणि कुठलीही तार ओढताना मला तो रॅकवर आपटणारा हात दिसायचा. घरी बायको विचारायची, "जेवताना कुठे बघताय?"

पाच महिने मी असे काढले. मग एका शनिवारी गाडी काढली आणि तळेगाव दाभाड्याला त्यांच्या घरी गेलो. त्यांनीच दार उघडलं. "या दादा," म्हणाल्या. बाहेरच्या खोलीत एका पाटीवर लिहिलं होतं, दहावीचे गणिताचे क्लास. मी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्याच बोलून टाकलं.

"ताई, ते आरशाचं मी केलं होतं."

"माहितीये," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"फाईल शेवटची कुणी सेव्ह केली, त्याचं नाव येतं दादा. तारखेसकट. दवाखान्यात बघितलं ना मी."

मी खुर्ची ओढून बसलो. दवाखान्यात! म्हणजे त्या खोलीत बसल्या तेव्हाही यांना माहीत होतं? म्हणालो, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले." त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "दवाखान्यात आलात तेव्हा वाटलं, आता सांगतील. तर तुम्ही नारळपाणी पुढे केलंत. मग त्या दिवशी, साहेबांसमोर. तुम्ही माझ्या शेजारीच होतात. मी म्हटलं, वीस वर्षं काम केलेला माणूस आहे, बोलेलच."

एखादीने शिव्या दिल्या असत्या, दारातून हाकलून दिलं असतं, तर मी समजू शकलो असतो. पण ही बाई तेव्हा माझी वाट बघत होती. म्हणालो, "चुकलो ताई. उद्या सांगतो साहेबांना. उद्या नक्की सांगतो."

ताईंनी माझ्याकडे नीट बघितलं.

"उद्या रविवार आहे," त्या म्हणाल्या.

मी खिशातून फोन काढला आणि तिथेच साहेबांना लावला. पलीकडे रिंग जायला लागली, तशा ताई वळल्या आणि आत निघून गेल्या. मी काय बोलतो, ते ऐकायला त्या थांबल्या नाहीत.