लाल खुणेचा नळ

आज सकाळी पुण्यातल्या घरी तोंड धुताना हात सवयीने लाल खुणेच्या नळाकडे गेला आणि चांगलाच चटका बसला. मस्कतचा उन्हाळा अजून हातातून गेलेला नाही.

तिथे नोकरीसाठी उन्हाळाभर होतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापायचं की गार पाण्याच्या नळाखाली हात धरवत नसे. माझ्या खोलीत राहणारे चिपळूणचे बाबूकाका पहिल्याच दिवशी म्हणाले, "गिझर बंद ठेवायचा आणि गरम पाण्याचा लाल नळ सोडायचा. गिझरमधलं पाणी सावलीत निवतं." मला त्याची गंमत वाटली होती.

तुम्ही कुठले, असं कोणी विचारलं की तोंड चटकन गावाचं नाव सांगतं. शरीर तेच सांगेल असं नाही. काकांची उमेदीची सगळी वर्षं मस्कतमध्येच गेली होती. मध्ये ते सुट्टीवर गावी जाऊन आले, तेव्हा त्यांच्या बोटावर भाजल्याचा फोड होता.

"बायको माझ्यासाठी पहाटे उठून गिझर लावते," ते फोडाकडे बघत म्हणाले. "दर खेपेला असंच होतं बघ. हाताला घर कळेपर्यंत निघायचा दिवस येतो."