अम्म वहीदचा उलटा चष्मा

अम्म वहीदला मी बरीच वर्षं शिष्ट समजत होते. कैरोबाहेर ओबूरला आमचं औषधांचं गोदाम आहे. तो फडताळांमधून माल काढून आणायचा, मी टेबलापाशी तपासून खोक्यात भरायचे. वयाने मोठा, म्हणून सगळे त्याला अम्म, म्हणजे काका म्हणायचे; मला उम्म हानी, म्हणजे हानीची आई. कोणी हाक मारली की एखाद्या उमराव पाशासारखी अख्खी मान वळवून बघायचा. चहाच्या सुट्टीत मी त्याच्या उजवीकडे बसून घरचा गरम ताअमिया, म्हणजे कडधान्याचा वडा, पुढे करायचे, तर हा ढुंकूनही बघायचा नाही. शेवटी मी नाद सोडला.

मग गोदामात नवे चष्मे आले आणि कागदाच्या याद्या गेल्या. चष्म्याच्या उजव्या बाजूला एवढासा पडदा. कुठल्या कप्प्यातून किती डबे उचलायचे, ते तिथे उमटायचं. हात मोकळे राहतात म्हणून पोरं खूश होती. अम्म वहीदही म्हणाला, झकास दिसतंय. आणि त्या दिवसापासून त्याचा माल चुकायला लागला.

चुकाही एकाच तऱ्हेच्या. सातव्या कप्प्यातलं मागितलं की आठव्यातलं यायचं, आठव्यातलं मागितलं की सातव्यातलं. मधुमेहाच्या गोळ्यांऐवजी रक्तदाबाच्या. मी गुपचूप बदलून आणायचे आणि मनात चरफडायचे. औषधं आहेत, कांदे-बटाटे नव्हेत. एक दिवस डोकं फिरलं आणि जाब विचारायला मी फडताळांमध्ये शिरले.

तो एकटाच होता. चष्मा चक्क उलटा घातलेला, त्यामुळे पडदा डाव्या डोळ्यासमोर आणि आकडे डोक्यावर उभे. आमच्या अरबी आकड्यांतला सात उलटा केला की आठ दिसतो.

"हे काय सोंग, अम्म?"

त्याने घाईने चष्मा काढला. "उजवा डोळा काचेचा आहे, उम्म हानी. तरुणपणी वेल्डिंग करताना गेला. आधीच्या मालकाला कळलं, तेव्हा त्याने त्याच दिवशी घरी बसवलं. इथे कोणाला बोललो नाही. तूही बोलू नकोस."

पण चुकीची गोळी कोणाच्या घरी गेली असती तर? मी त्याची बाही धरली आणि चष्मे वापरायला शिकवणाऱ्या गादाबाईंकडे निघाले. माझ्या पोटावर पाय देतेस, असं तो वाटभर पुटपुटत होता.

"बाई, हा पडदा डावीकडे बसतो का?" मी विचारलं.

गादाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "उजव्याने दिसत नाही मला."

"मग सांगायचं नाही का? बसतो की." त्यांनी पडदा काढून डाव्या काडीवर चढवला. "तुमचं नाही, माझंच चुकलं. आधी सगळ्यांना विचारायला हवं होतं."

"आणि नोकरी?" त्याने विचारलं.

"नोकरीचं काय? माल पडलाय तिकडे, जा."

अम्म वहीद तिथल्याच खोक्यावर मटकन बसला. मला इतकं हलकं वाटलं की उगाचच त्याच्यावर खेकसले, आता बसू नकोस, ऊठ म्हणून. त्या दिवशी एकही डबा चुकला नाही.

चहाला मी सवयीने त्याच्या उजवीकडे बसले.

"इकडे ये," डावीकडची जागा थोपटत तो म्हणाला. "त्या बाजूला कोण बसतं, ते मला इतकी वर्षं कळलंच नाही."

मी उठून तिकडे गेले आणि ताअमिया पुढे केला. त्याने मान न वळवता घेतला.