विश्वसनीय सूत्राचं पोट

जयगडच्या त्या साखरपुड्याच्या जेवणाने पोट बिघडलेल्यांची एकूण संख्या एक होती. तो एक म्हणजे प्रस्तुत लेखक.

साखरपुडा माझ्या धाकट्या बहिणीचा, रुबीनाचा. वडील हयात नाहीत, त्यामुळे मुलाकडच्या मंडळींसमोर घरातला मोठा म्हणून बोलणं माझ्याकडे आलं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मला सर्दी झाली. साधी सर्दी. कोणत्याही शहाण्या माणसाने सुंठीचा चहा घेऊन दोन दिवस गप्प बसायला हवं होतं. पण आमच्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या वरच्या कप्प्यात, कुवेतची गोळी होती.

या गोळीबद्दल थोडं सांगायला हवं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ज्या घरातला माणूस आखातात असतो, त्या घरात अत्तर, बाम, दुधाची पावडर आणि औषधं तिकडूनच येतात. तिकडचं औषध इकडच्यापेक्षा जोरदार, यावर मोहल्ल्यात मतभेद नाहीत. माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, इक्बालभाई, कुवेतला असतात. त्यांच्या दाढेला तिकडच्या डॉक्टरने अँटिबायोटिक दिलं, दाढेचं दुखणं लवकर थांबलं, आणि उरलेल्या गोळ्या त्यांनी सुट्टीवर येताना आम्हाला भेट म्हणून आणल्या. आमच्याकडे त्या सर्दीला, पाठदुखीला आणि एकदा (गुण आला) परीक्षेच्या भीतीला दिल्या गेल्या होत्या.

"डॉक्टरना विचारलंत?" माझी बायको नसीम म्हणाली.

"सर्दीसाठी डॉक्टर?"

"मग सर्दीसाठी कुवेत कशाला?"

मी फ्रिजचं दार उघडलं. साखरपुड्यापर्यंत सकाळ-संध्याकाळ गोळी घेतली. सर्दी गेली. (ती तशीही जाणारच होती, हे पुढे समजलं.)

रुबीनाचे होणारे सासरे, हुसेनचाचा, यांची सगळी हयात मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी म्हणून गेली. मुलाच्या साखरपुड्याला केटरर बोलावणं त्यांना अपमानाचं वाटलं. अंगणात चुली मांडून त्यांनी बिर्याणी, तळलेली सुरमई आणि सांदणं स्वतः केली आणि स्वतःच वाढली. मी ताटावर हात आडवा धरला, तर त्यांनी तो हळूच बाजूला केला.

"पत्रकार, लाजू नका. वादळात जहाज आडवं होत होतं तेव्हा जेवण केलंय मी. माझ्या हातचं खाऊन आजवर एक खलाशी आजारी पडला नाय."

मी मान डोलावली आणि आणखी सांदणं घेतली. एकदाही न खोकता चार वाक्यं बोललो. तारीख ठरली. रुबीना माझ्याकडे बघून हसली. माझ्या आयुष्यातला तो एक चांगला दिवस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला ताप आला आणि पोट बिघडलं. तपशील वाचकांच्या सोयीसाठी वगळतो.

इथे माझा धंदा आडवा आला. मी एका दैनिकात मुख्य उपसंपादक आहे. दुसऱ्यांच्या बातम्या तपासायच्या, मथळे द्यायचे, हे काम. माणूस आजारी पडला की औषध घेतो. मी आमच्या जयगडच्या वार्ताहराला फोन केला.

"कालच्या साखरपुड्यात अजून कुणाला त्रास झालाय का, बघ जरा."

"बातमी करू, साहेब?"

"आधी खात्री कर."

एवढं बोलून मला घाईने आत जावं लागलं. फोन तसाच राहिला. खात्री कशाची करायची, हे सांगायचं राहून गेलं.

वार्ताहर थेट हुसेनचाचांच्या अंगणात गेला. चाचा पातेली घासत होते.

"तुमच्याकडच्या जेवणातून विषबाधा झाल्याचं कळतं. आपली प्रतिक्रिया?"

"कोण म्हणतो?"

"विश्वसनीय सूत्र."

विश्वसनीय सूत्र त्या वेळी संडासात होतं.

मी रजेवर असल्यामुळे कार्यालयात बातमी अडवणारं कोणी नव्हतं. उलट, माहिती खुद्द मुख्य उपसंपादकांकडून आलेली म्हटल्यावर तिला पहिल्या पानावर जागा मिळाली. 'जयगडला साखरपुड्याच्या जेवणातून विषबाधा?' शेवटचं प्रश्नचिन्ह माझी शिकवण. खात्री नसली की प्रश्नचिन्ह टाकायचं, म्हणजे कोणी काही बोलू शकत नाही, असं मी नव्या मुलांना सांगत आलोय.

पेपर रुबीनाने आधी वाचला. तिने तो माझ्या उशाशी ठेवला.

"भाई, खोकला येऊ नये म्हणून गोळ्या खाल्ल्यास ना? त्यापेक्षा खोकला असतास तर बरं झालं असतं. निदान फोनवर बोलला नसतास."

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती भांडी घासायला निघून गेली.

दुपारी हुसेनचाचा आले. हातात पेपरची घडी. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"फारूक, त्या दिवशी पंगत बसली, सगळे जेवले. माझी नातवंडं जेवली. शेजारची म्हातारी जेवली, तिला तर दातही नायत. सगळी ठणठणीत. माझ्या जेवणात काय होतं ते मला कळल्याशिवाय लग्नाचं बोलणं पुढे जायचं नाय."

"चाचा, मी डॉक्टरकडेच निघालोय."

"चल. मी पण येतो."

म्हणून तपासणीच्या खोलीत रुग्ण पलंगावर आणि आरोपी खुर्चीत, अशी मांडणी झाली. डॉक्टरांनी पोट दाबलं, जीभ पाहिली आणि विचारलं, "अलीकडे कुठलं औषध चालू होतं?"

मी छताकडे पाहिलं. सोबत आलेल्या नसीमने पर्समधून रिकामी स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली.

"ही कशासाठी घेतलीत?"

"सर्दीसाठी."

"सर्दीवर हिचा काडीचा उपयोग नाही. पोटावर मात्र झालाय." डॉक्टर चाचांकडे वळले. "गणपतीत रत्नागिरी स्टँडवर एसटी लागते. आधीच कोणी खिडकीतून रुमाल टाकून, कोणी पिशवी ठेवून जागा धरलेल्या. मागून येणाऱ्याला पाय ठेवायला मिळत नाही. बरोबर?"

"बरोबर," चाचा म्हणाले.

"निरोगी माणसाचं आतडं म्हणजे ती भरलेली गाडी. आत बसलेले असंख्य जंतू आपलेच. बाहेरून रोगाचा जंतू आला तर त्याला जागा नाही, खायला नाही. वर आपले जंतू अशी आम्लं सोडतात की त्याला तिथे राहवत नाही. तुमच्या पाहुण्यांनी ही गोळी घेऊन भरलेली गाडी रिकामी केली आणि दार उघडं ठेवलं."

"पण गोळी जंतू मारायलाच असते ना?" मी क्षीण आवाजात म्हणालो.

"असते. आपला कोण, परका कोण, हे तिला कळत नाही."

(मला आमचा वार्ताहर आठवला.)

"म्हणजे माझ्या जेवणात काय नव्हतं?" चाचांनी विचारलं.

"शपथेवर सांगता येणार नाही. ताटातून गेला असेल, पाण्यातून, नाहीतर यांच्या स्वतःच्या हातावरून. पण असे थोडेफार जंतू सगळ्यांच्याच पोटात रोज जातात आणि हात हलवत परत जातात. त्यांना बसायला जागा फक्त इथे मिळाली."

डॉक्टरांनी बोट माझ्या बेंबीच्या दिशेने धरलं. चाचांनी त्या जागेकडे बराच वेळ पाहिलं. नव्या सोयरिकीत इतकं बारकाईने कोणी कोणाचं पोट पाहिलं नसेल.

बाहेर आल्यावर मी माफी मागितली. चाचा म्हणाले, "माफी घरातली झाली. बातमी गावातली हाय. खुलासा छाप. त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात. आणि आजारी कोण होता त्याचं नाव घाल. नायतर लोक म्हणतील, व्याह्याने दाबलं."

"चाचा, रुग्णाचं नाव आम्ही छापत नाही. नियम आहे."

"मग सूत्राचं छाप."

नसीम रिक्षा बघायला म्हणून रस्त्यावर गेली. तिचे खांदे हलत होते.

खुलासा मीच लिहिला, कारण तो दुसऱ्या कोणाला लिहायला सांगण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. जेवण निर्दोष होतं, बाधित व्यक्तीने वैद्यकीय सल्ल्याविना औषध घेतल्याने तिच्या पोटातली प्रतिकारव्यवस्था कोलमडली होती, वगैरे. सकाळी रुबीनाने तो मोठ्याने वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि मग कापून फ्रिजच्या दारावर चिकटवला. संध्याकाळी जयगडहून डबा आला. त्यात पातळ पेज होती, आणि लग्नाची तारीख कायम असल्याचा निरोप.

आम्हा उपसंपादकांचं नाव कधी छापून येत नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझं नाव पहिल्या पानावर आलं ते एकदाच, पूर्ण नाव, गावासकट. बातमी माझ्या जुलाबांची होती, आणि शेवटी प्रश्नचिन्ह नव्हतं.