जावयाचं बोट

लढाईच्या त्या महिन्यांत आमच्या कारखान्यात इतकं काम होतं की लेथ मशिनीसुद्धा सुटी मागायला लागल्या होत्या. मी एकदा उभ्याउभ्या दोन दिवस झोपलो, तरी सेक्शनमध्ये सगळ्यांत जास्त माल माझाच निघाला.

शेजारच्या बाकावर माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा फिटर होता. त्याच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट म्हणजे सेक्शनचं देवस्थान. घासलेल्या तुकड्यावरून ते नुसतं फिरवायचा आणि म्हणायचा, "इथं केसभर जास्त आहे." मापाचं गेज लावलं की तेच निघायचं. त्या बोटाची कीर्ती शहरातल्या बड्या फुहाऱ्याच्या चौकापर्यंत गेली होती. म्हणजे मीच ती तिथवर पोहोचवली होती.

एका दुपारी त्याच बोटात लोखंडाचा कीस घुसला. तांदळाच्या कणीएवढा. त्याने तो उपसून काढला, हात पुसला आणि दवाखान्याकडे निघाला. दवाखान्याची रांग तेव्हा पार गावाबाहेरच्या तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत जायची.

"काहून चाललात, जावईबापू?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो. "एवढ्याशा टोचण्याला सुई?"

"घेऊन येतो, दादा. नंतर कटकट नको."

"अहो, माझा अंगठा पार सोलला होता, आत हाड दिसून राहिलं होतं! मशीनचं पांढरं तेल लावलं. सकाळी ओरखडासुद्धा नाही. चलो, हात इकडे करा."

माझ्या अंगठ्याला जन्मात कधी खरचटलंही नव्हतं. पण सेक्शन हसला, जावई लाजला आणि त्याने हात पुढे केला. तेल मीच ओतलं.

ते दुधासारखं तेल मशीन थंड ठेवायला आठवडेच्या आठवडे फिरत राहायचं. त्यात सगळ्यांचे मळके हात, चिंध्या, पानाच्या पिचकाऱ्या. मशीन एक दिवस बंद राहिली तरी दुसऱ्या सकाळी सडक्या अंड्यांचा वास यायचा. वास सगळ्यांना यायचा, पण त्या तेलात काहीतरी जिवंत वाढतंय, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

पुढचं मी वाढवून सांगत नाही. तिसऱ्या दिवशी बोट वांग्यासारखं झालं. चौथ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघ चढली, काखेत गाठ आली, अंग भाजायला लागलं. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "चमड़ी साबुत हो तो कीटाणु बाहर ही रह जाते हैं. यहाँ सुई की नोक बराबर छेद था, और उसी में गंदा तेल डाल दिया. किसने डाला?"

मी जावयाची चादर नीट करायला लागलो.

"मैंने ही डाला, साहब," जावई तापातच म्हणाला.

इंजेक्शनांनी हात वाचला. बोटाची दोन पेरं कापावी लागली. कामावर परतल्यावर त्याला स्टोअरमध्ये बसवलं, नट-बोल्ट द्यायला. सुरुवातीला तो मधलं बोट तुकड्यांवरून फिरवून बघायचा. त्या बोटाला काही कळायचं नाही. मग त्याने तेही सोडलं.

बहिणीने मला एकदाच विचारलं. पोळ्या लाटत होती, मान वर न करता म्हणाली, "दादा, हे त्या दिवशी इंजेक्शन घ्यायला निघाले होते म्हणतात. मग गेले काहून नाहीत?"

"रांग मोठी होती," मी म्हणालो.

माझ्या आयुष्यातली सगळ्यांत छोटी थाप. तिने मान हलवली आणि माझ्या ताटात गरम पोळी वाढली.