पत्रिकेत देवाचं नाव वर

आमच्या घरात फॉर्म भरण्याचं खातं माझ्याकडे. रेशन कार्डापासून गॅसपर्यंत सगळं मीच भरते. त्यातलं निम्मं दुरुस्तीला परत येतं, तरी खातं काही कोणी काढून घेत नाही. त्यामुळे लेकीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या फॉर्मलाही, सावेडीतल्या आमच्या जेवणाच्या टेबलाशी, तिच्या शेजारी मीच बसले.

लेकीला पुणंच हवं होतं. तिथलं एकच कॉलेज. मार्कही तेवढे होते. हॉस्टेलसाठी निळी बादली तिने आधीच आणून ठेवली होती.

कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमाने लावायची होती. तेवढ्यात सासरे येऊन बसले. गावाजवळच्या कॉलेजात ते शिपाई होते, तिथूनच रिटायर झाले. म्हणाले, "माजं कॉलेज वर लिव्हा. मग खाली तुमचं काय ते."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला हळूच समजावलं, की लग्नाच्या पत्रिकेत कुलदैवताचं नाव सगळ्यात वर असतं, म्हणून देव काही मांडवात जेवायला येत नाही. आबांचा मान राहील, आणि एवढ्या मार्कांवर तुला पुणं मिळणारच. तिला पटलं. इतकी हुशार पोर, पण आईचं ऐकलं.

यादी लागली त्या दिवशी देव आला आणि थेट पाटावर बसला. आबांचं कॉलेज मिळालं होतं. असू दे, पुढच्या फेरीत पुणं घेऊ, असं मी म्हणाले. तेव्हा लेकीने नियम वाचून दाखवला. पहिली पसंती मिळाली की तीच घ्यायची, पुढच्या फेऱ्या बंद. मी तिला तो परत वाचायला लावला, जणू या वेळी वेगळा निघणार होता. मदत केंद्रावरही तेच सांगितलं.

सासऱ्यांनी पेढे आणले. नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बग, वर लिव्हलं म्हनून मिळालं. खाली लिव्हलं असतं तर कोन देतंय?"

"व्हय आबा," ती त्यांच्याच बोलीत म्हणाली आणि पाया पडली.

आता स्वयंपाकघरात येऊन माझ्यावर ओरडेल, असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आली, अर्धा पेढा माझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, "आई, बादली कुठे ठेवू?"

गच्चीवर ठेव, म्हटलं. ती आता रोज सकाळच्या एसटीने कॉलेजला जाते, आबा स्टँडपर्यंत सोडायला जातात. मी कपडे वाळत घालायला वर जाते, तेव्हा बादली तिथे पालथी असते. कपडे मात्र मी जुन्या बादलीतूनच नेते.