ओर्व्हिएतोच्या विहिरीपाशी

मुंबईच्या विमानतळावर आमच्या सहलीतल्या मंडळींनी मला पहिल्यांदा ओळखलं ते माझ्या बुटांवरून. मुलानं पुण्यातून खास इटलीसाठी घेतलेले नवे कोरे बूट. पाऊल टाकलं की करकर वाजायचे. तेल लावून पाहिलं, उन्हात ठेवून पाहिले, काही उपयोग झाला नाही. पुण्याच्या एक काकू हसून म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही हरवायचे नाहीत हो!" मीही हसलो. शेजारी गया, म्हणजे माझी बायको, पिशवी मांडीवर घेऊन समोर बघत बसली होती.

आम्ही गंगाखेडचे. मूळ गाव राणीसावरगाव, पण नोकरी सगळी गंगाखेडच्या हायस्कुलात गेली. तीस वर्षं इतिहास शिकवला. रोमचं साम्राज्य मी फळ्यावर दरवर्षी उभं करायचो आणि तास संपला की डस्टरनं पुसून टाकायचो. ते रोम डोळ्यांनी बघायची पाळी येईल असं कधी वाटलं नव्हतं. मुलगा पुण्यात इंजिनिअर आहे, त्यानं आमची नावं परस्पर सहलीत घातली. कशासाठी, ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. त्याची थोरली बहीण आठ वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून गया माझ्याशी कामापुरतं बोलते. ताट वाढलंय. दूध आलंय. कुणीतरी आलंय. मुलीचं नाव तर घरात निघतच नाही. निघताना मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, तिकडं तरी आई मोकळी होती का बघा."

तेवढी एकच आशा घेऊन मी विमानात बसलो. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही नावं माझ्या लेखी दुय्यम होती.

रोममध्ये उतरलो तेव्हा सकाळ होती आणि ऊन आपल्या कार्तिकातल्यासारखं कोवळं होतं. दुपारी ते मोठं गोल प्रेक्षागृह पाहिलं. पडकं आहे, पण पडकेपणातही काय तो रुबाब! मी वाटाड्याच्या पुढे पुढे माहिती सांगू लागलो, तेव्हा मंडळींनी मला "मास्तर, तास संपला" म्हणून गप्प केलं. गया एका कमानीखाली उभी होती. ती स्वतःशीच म्हणाली, "केवढी मानसं मेली असतील हितं." त्या पुण्याच्या काकूंनी ते ऐकलं. "किती गोड बोलता हो तुम्ही, अजून बोला ना," असं त्या अगदी मनापासून म्हणाल्या. पण गयानं जे तोंड मिटलं ते मंडळींसमोर पुन्हा उघडलं नाही.

जेवणात शेवया आल्या, तिखटामिठाच्या, टोमॅटोच्या रश्श्यात बुडालेल्या. काट्याला गुंडाळून खायच्या म्हणे. माझ्या निम्म्या सदऱ्यावर गेल्या. गयानं पिशवीतून धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी काढली, आणि हां हां म्हणता अख्ख्या टेबलावर धपाट्यांचा तुकडा तुकडा वाटला गेला.

दुसऱ्या दिवशी पोपचं मोठं देऊळ. आत शेकडो माणसं, पण कुजबुजीपलीकडे आवाज नाही. त्या शांततेत माझे बूट करकर, करकर. एका पहारेकऱ्यानं ओठांवर बोट ठेवलं. मी चवड्यांवर चालू लागलो तर आवाज दुप्पट. शेवटी एका खांबापाशी मुकाट उभा राहिलो. गयाकडे पाहिलं तर ती हसत होती. पदर तोंडाला लावला होता, पण हसत होती. आठ वर्षांनी ते हसू पाहिलं आणि मला त्या देवळातलं बाकी काहीएक आठवत नाही.

संध्याकाळी मंडळी एका मोठ्या कारंज्यावर गेली. गया मात्र रस्त्याच्या पलीकडेच थांबली. ती पाण्याजवळ जात नाही. मीही तिच्याबरोबर थांबलो.

तिसऱ्या दिवशी फ्लॉरेन्सच्या वाटेवर बस ओर्व्हिएतोला थांबली. कातळाच्या माथ्यावर वसलेलं जुनं गाव. आमच्या सहलीच्या मॅनेजरनं माईक हातात घेतला. "इथे सोळाव्या शतकातली एक पोत्सो (विहीर) आहे. आत उतरायला गोल जिना आहे, आणि गंमत म्हणजे उतरायचा जिना वेगळा नि चढायचा वेगळा. उतरणारा आणि चढणारा एकमेकांना वाटेत भेटतच नाहीत!"

विहीर म्हटल्याबरोबर गयाचा चेहरा उतरला. ती बाहेरच्या बागेत एका बाकावर जाऊन बसली. त्याच बाकावर एक काळ्या कपड्यातली नोन्ना (आजी) लोकर विणत बसली होती. मी पण थांबतो म्हणालो, तर गया म्हणाली, "जावा तुमी. बघून या." का कोण जाणे, मी गेलो.

वीस-पंचवीस पायऱ्या उतरलो आणि जागीच थबकलो. परत फिरावं म्हटलं तर मागून लोकांची रांग येत होती. मॅनेजर म्हणाला, "मागे जाता येत नाही गुरुजी, तळाला जाऊन पूल ओलांडायचा, मग पलीकडच्या जिन्यानं वर." मधल्या भिंतीला खिडक्या होत्या. एकेका खिडकीतून डोकावत, भिंत धरत मी खाली गेलो. तळाला पाणी. वर पाहिलं तर आभाळाचं एवढंसं वाटोळं.

माझ्या लेकीनं शेवटचं हेच पाहिलं असणार.

आता लिहायला घेतलंच आहे तर सगळंच लिहितो. तिचं सासर सेलू तालुक्यात, देवगाव फाट्यापासून आत. संक्रांतीला आली होती, तेव्हा परतताना मीच तिला फाट्यापर्यंत सोडलं. तिच्या गावची बैलगाडी आली होती. ती हातात पिशवी घेऊन उभी राहिली, काहीतरी बोलणार असं मला वाटलं, तेवढ्यात माझ्या परतीच्या गाडीची घंटी झाली आणि मी चढलो. त्याच साली पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. गावोगाव दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. एसटी आणि रेल्वे दोन्ही बंद पडल्या. पंचमी जवळ आली होती. आमच्याकडे नागपंचमीला लेकी माहेरी येतात, त्यांना आणायला मुराळी (माहेरचा माणूस) जातो. तिचं पत्र आलं होतं, "औंदा मुराळी लवकर धाडा." मी गयाला म्हणालो, गाड्या बंद आहेत. खरं तर रेल्वे चारसहा दिवसांत सुरू झाली होती. मला भीती वाटत होती, एवढंच. ज्यांची घरं जळाली ती माणसं लेकरं काखेला मारून कोसच्या कोस चालत गेली, आणि मला परभणीला गाडी बदलून सेलूला जाता आलं नाही. पंचमी गेली आणि निरोप आला. पाणी शेंदताना पाय घसरला म्हणे.

गया तेव्हापासून माझ्याशी का बोलत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

पूल ओलांडून मी दुसऱ्या जिन्यानं वर आलो. त्याचं दार विहिरीच्या पार उलट बाजूला निघतं. त्यामुळे बागेत आलो तो बाकाच्या पाठीमागून. गयाची पाठ माझ्याकडे होती, आणि ती बोलत होती! घडाघडा, आपल्या गावच्या बोलीत, त्या आजीशी. आजीचं विणकाम मांडीवर पडलं होतं.

"...तर माय, पंचिमीला झोके बांधत्यात आमच्यात. समद्यांच्या लेकी आल्या, माझी आली न्हाई."

मी दोन पावलं पुढे टाकली आणि थांबलो. तीही जरा थांबली. मग पुन्हा बोलू लागली.

"ह्यान्ला वाटतंय, ह्यान्नी मुराळी धाडला न्हाई म्हनून मी बोलत न्हाई. तसं न्हाई, माय. संक्रातीला आली व्हती ती. चुलीपाशी बसली आन म्हनली, आई, मला तिकडं धाडू नको, लय मारायलेत. पाठ दावली मला. आन मी काय म्हनले? बापाला सांगू नको, म्हनले. त्यान्चा लय जीव हाय तुझ्यात, हाय खातील. नांदून घे, म्हनले. ह्याच हातानं पिशवी भरली तिची. आता कोन्त्या तोंडानं बोलू ह्यान्च्याशी?"

आजीला एक अक्षर कळलं नसणार. तिनं गयाचा हात आपल्या हातात घेतला आणि तिच्या भाषेत बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. गया हुंदके देऊन रडली. मी मागच्या झाडाला धरून उभा होतो. आठ वर्षं मी त्या गप्प बसण्याला माझ्यावरचा राग समजत आलो, आणि तिनं ते ओझं एकटीनं वाहिलं होतं. फाट्यावर लेक काय बोलणार होती, तेही मला त्या परक्या बागेत समजलं. पुढे जावं, तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं फार वाटलं. धीर झाला नाही. बसचा भोंगा वाजला तेव्हा लांबून वळसा घालून मी समोरून आलो.

त्यानंतर फ्लॉरेन्स पाहिलं, ज्या चित्रांवर मी वर्गात तासन्‌तास बोललो होतो ती पाहिली. सुंदर आहेत. व्हेनिसला रस्त्यांच्या जागी पाणीच. गया होडीत बसेल असं वाटलं नव्हतं, पण बसली, आणि पलीकडे उतरेपर्यंत तिनं माझी बाही धरून ठेवली.

परत आल्यापासून लोक विचारतात, इटलीत काय काय पाहिलं? मी कमानी सांगतो, घुमट सांगतो, शेवया सांगतो. पण माझा प्रवास कुठे संपला ते सांगायचं तर आपल्याच जिल्ह्यात यावं लागेल.

मुंबईहून आम्ही औरंगाबादपर्यंत आलो. तिथून पुढे आम्ही नेहमी रेल्वेनंच जातो, कारण एसटी देवगाव फाट्यावरून जाते. स्टेशनाकडे वळलो तर गया म्हणाली, "एस्टीनं जाऊ." मी बॅगा उचलल्या आणि एसटी स्टँडची वाट धरली.

फाट्यावर गाडी चहाला थांबली. लोक उतरले. गया खिडकीतून आतल्या रस्त्याकडे बघत होती. एक बैलगाडी तिकडे चालली होती.

मी म्हणालो, "त्या विहिरीपाशी तू बोलत होतीस, तेव्हा मी मागं उभा होतो."

"ठावं हाय मला."

"कसं?"

"तुमचे बूट." ती अजून बाहेरच बघत होती. "दुसऱ्या दारानं आलाव, दोन पावलं टाकलाव आन थांबलाव. मंगच मी संक्रातीचं काढलं. तोंडावर सांगायचं बळ न्हवतं मला."

माझ्या डोळ्यांना धार लागली. "गया, त्या वेळी रेल्वे चालू झाली होती."

"ते बी ठावं हाय. शिट्टी ऐकू यायची की घरात." ती माझ्याकडे वळली. "तुमी न्हाई गेलाव, मी बोलले न्हाई. दोघांनीबी केलं. पर तिनं काय केलंतं? आठ सालं झाली, तिचं नाव घेतलं न्हाई आपन. घ्या की आता."

लोक चढले. ड्रायव्हर आला. मी घसा खाकरला.

"मंदा."

"मोठ्यानं."

"मंदा!"

कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर होता, तो तिथेच थांबला. मान वळवून त्यानं विचारलं, "कोन राह्यलं का मामा खाली?"

गयानं पदरानं डोळे पुसले.

"राह्यली व्हती, बाबा," ती म्हणाली. "जाऊ द्या आता गाडी."