विदोसावाचा कारकून

सर्बियातल्या नोवी सादला हिवाळ्यात घराघरांत गरम पाणी पोचवणाऱ्या केंद्राचा प्रोग्राम विदोसावाच्या हातचा. प्रोग्राम काय काय करतो ते ओळीओळीनं टिपून ठेवणारी लॉगिंग लायब्ररीसुद्धा तिनंच तरुणपणी घरी बसून लिहिलेली. त्या लायब्ररीला सगळे कारकून म्हणत. विदोसावाचा, म्हणजे आमच्या विदाचा, या कारकुनावर भारी जीव. आपला तो बाब्या, हे काय फक्त पोरांच्याच बाबतीत असतं?

यंदा प्रोग्राम नव्यानं लिहायचा ठरला आणि तिचा सहकारी ओग्न्येन म्हणाला, विदामावशी, कारकुनाला आता पेन्शन द्या. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या दोन लायब्रऱ्या त्यानं हेरून ठेवल्या होत्या, एक भलती वेगवान आणि एक संथ. कॉफीवर कॉफी झाली, वाद मिटेना. आमची माणसं एकदा इरेला पेटली की स्वतःचं घर जळलं तरी हटत नाहीत, आणि विदा तर त्यांची मेरुमणी. शेवटी तीच म्हणाली, हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिन्ही चालू करू आणि मधेच वीज तोडू. शेवटची ओळ ज्याच्याकडे सापडेल तो आपला.

ओग्न्येननं प्लग उपटला. संथ लायब्ररीत शेवटची ओळ होती. वेगवान लायब्ररीतल्या शेवटच्या ओळी गेल्या होत्या, आणि कारकुनाच्याही.

विदानं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. मग तिला आठवलं, जुन्या डिस्क फार मंद, म्हणून ओळी आधी मेमरीत साठवायच्या आणि मग गठ्ठ्यानं डिस्कवर उतरवायच्या, अशी सोय तिनंच केली होती आणि साफ विसरली होती. लायब्ररी राहिली बाजूला, तिच्या डोळ्यांपुढे रादिवोय उभा राहिला.

मागच्या हिवाळ्यात अचानक वीज गेली आणि बॉयलर तडकला. पाळीवरचा रादिवोय म्हणत होता, वीज जाण्याआधीच मी धोक्याचं बटण दाबलं. लॉगमध्ये तशी ओळच नव्हती. माझा कारकून खोटं लिहीत नाही, असं विदानं साहेबांपुढे छातीठोकपणे सांगितलं. उभा जन्म बॉयलरपाशी काढलेल्या माणसाला फाटकावर राखणीला बसवलं आणि आप्तसुद्धा त्याला खोटारडा म्हणू लागले.

संथ लायब्ररीच घ्यायची, हे विदानं साहेबांना सांगितलं. रादिवोयचंही सांगितलं. साहेब म्हणाले, बघू सणांनंतर.

संत निकोलाच्या दिवशी रादिवोयकडे स्लावा, घराण्याच्या संताचा सण. स्लावेला कुणी बोलावत नाही, नेहमीची माणसं आपसूक येतात. विदाही दर वर्षी जायची. यंदा ती दारात उभी राहिली, पण पाहुण्याला देतात ती शिजवलेल्या गव्हाची ताटली रादिवोयच्या बायकोनं, ल्युबिन्कानं, पुढे केलीच नाही.

रादिवोय बाहेर आला. विदा हळूच म्हणाली, "बटण तू दाबलं होतंस. माझ्या कारकुनानं ते लिहिलं नाही."

"मी दाबलं ते मला ठाऊक आहे की, विदा. मला काय सांगतेस? आत जाऊन सांग. खोटारडा म्हणणारे सगळे तिथं बसलेत."

विदा आत गेली. मासे खाणारे हात थांबले. तिनं सगळं पुन्हा सांगितलं, या खेपेला मोठ्यानं, आणि कारकुनाचं नाव न घेता माझी चूक म्हणून. शरमेनं तिचे कान तापले होते.

ल्युबिन्का उठली आणि गव्हाची ताटली घेऊन आली.